ऐकू या पाश्चात्त्य संगीत (भाग ९) : बासरीच्या नावावर गेलेला ओबो

एकटा वादक आणि अख्खा वाद्यवृंद यांच्यातला सवाल-जवाब म्हणजे कॉन्चेर्टो, हे मागच्या भागात पाहिलं. आज त्यातलाच एक नमुना : मोत्झार्टचा सी मेजरमधला ओबो कॉन्चेर्टो, के. ३१४. सव्वाशेहून जास्त वर्षं जगाने तो ऐकला, पण बासरीवर.

१७७७ साली बेर्गामोचा ओबोवादक ज्युझेप्पे फेर्लेन्दिस साल्झबुर्गच्या दरबारात रुजू झाला. त्याच्यासाठी एकवीस वर्षांच्या मोत्झार्टने हा कॉन्चेर्टो लिहिला आणि त्याच वर्षी साल्झबुर्ग सोडलं. मानहाइमला पोहोचल्यावर तिथल्या फ्रीडरिश राम या नामांकित ओबोवादकाने रचना अक्षरशः उचलून धरली. फेब्रुवारी १७७८ मध्ये मोत्झार्ट वडिलांना कळवतो की रामने ती पाचव्यांदा वाजवली. कौतुक झालं, पण खिसा रिकामाच. द यां नावाच्या एका हौशी बासरीवादकाने २०० गुल्डनच्या बोलीवर नव्या रचना मागितल्या होत्या. मोत्झार्टचं काम रेंगाळलं. शेवटी त्याने ओबोचाच कॉन्चेर्टो एक स्वर वर चढवून डी मेजरमध्ये बासरीला दिला. काम अर्धवट, म्हणून हातात पडले ९६ गुल्डन!

पुढे मूळ ओबोची प्रत दिसेनाशी झाली. १९२० मध्ये संगीतज्ञ बेर्नहार्ड पाउमगार्टनरला साल्झबुर्गच्या मोत्झार्टेउम या संस्थेत सी मेजरमधल्या वादकांच्या प्रती सापडल्या आणि उलगडा झाला. खरं तर पुरावा बासरीच्या प्रतीतही होताच. व्हायोलिनचा सर्वांत खालचा स्वर जी. पण डी मेजरच्या प्रतीत व्हायोलिनं ए-च्या खाली उतरतच नाहीत. सगळं एक स्वर वर सरकवलं, की नेमकं हेच होणार.

माझ्या मते याहून मोठा पुरावा कानाला मिळतो. पहिल्या भागात ओबो झर्रकन एक सप्तक चढतो आणि वरच्या सी-वर चार मात्रावर्तनं ठाण मांडून बसतो. मूळ धून खाली व्हायोलिनं वाजवत राहतात. ओबोला सनईसारखी जोडपत्ती असते आणि तिची फट इतकी अरुंद, की हवा फारच थोडी जाते. वादकाचा दम संपत नाही. उलट छातीत वापरलेली हवा कोंडते, ती आधी सोडावी लागते आणि मगच नवा श्वास. असा लांब, न थरथरता धरलेला सूर ही या वाद्याची खास मिजास. आजही वाद्यवृंदात जागा मिळवायला आलेल्या ओबोवादकाला बहुतेक ठिकाणी हाच प्रवेश वाजवून दाखवावा लागतो.

मधला अदाजिओ शांत, गाता. शेवटच्या रोंदोची खट्याळ धून मोत्झार्टने पुढे १७८२ च्या आपल्या एका ऑपेरात ब्लोंडं या दासीच्या तोंडी घातली.

ओबोवादक हाइन्त्स होलिगरचं ध्वनिमुद्रण आधी ऐका, मग बासरीचं. बासरीवर ही रचना गोड लागते, ओबोवर ती बोलते. पुढच्या आठवड्यात क्लॅरिनेट.