हक्का नूडल्स घरी: आच मोठी, हात चपळ

‘हक्का’ हे कोलकात्यातल्या एका चिनी समाजाचं नाव. टेंगरा भागात त्यांचे चामड्याचे कारखाने होते, पुढे तिथेच उपाहारगृहं निघाली. चौघांना ३०० ग्रॅम नूडल्स पुरतात. पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर आधीच निथळा, गार पाण्याखाली धरा, चमचाभर तेल चोळा; गोळा होत नाही. खरी मेख आचेत आहे. लोखंडी कढई चांगली सणसणीत तापवा आणि भाज्या दोन हप्त्यांत परता. सगळ्या एकदम टाकल्या की पाणी सुटतं आणि कोबी, ढोबळी मिरची परतण्याऐवजी वाफेवर शिजून लिबलिबीत होतात. सोया सॉस कढईच्या कडेने सोडा. चुरचुरला की खमंग वास सुटतो. सॉस खारट असतो, म्हणून मीठ चव बघूनच घाला. लहान मुलांचा वाटा काढल्यावर उरलेल्यात मिरचीचा ठेचा छान लागतो.