विश्लेषण : गेम इन्स्टॉल झाला की बिल! ‘युनिटी’ला ‘रनटाइम फी’ वर्षभरात मागे का घ्यावी लागली?

मोबाइलवर एखादा गेम डाउनलोड करायचा, दोन दिवस खेळायचा आणि कंटाळा आला की डिलीट करायचा. आपल्या त्या एका टॅपचे बिल कोणाच्या तरी नावावर फाटत असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. १२ सप्टेंबर २०२३ रोजी ‘युनिटी’ या अमेरिकी कंपनीने नेमके असेच बिल गेम तयार करणाऱ्यांना लावण्याची घोषणा केली. पुढच्या दहा दिवसांत कंपनीला योजना बदलावी लागली, महिना उलटण्याआधी मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाले आणि बरोबर एक वर्षाने, १२ सप्टेंबर २०२४ रोजी, गेमवरील हे शुल्क पूर्णपणे रद्द झाले. शुल्क गेले, पण तोवर अनेक स्टुडिओंनी दुसरी वाट धरली होती.

गेम इंजिन म्हणजे काय?

पडद्यावर चेंडू उसळतो, पात्र उडी मारते, चालताना सावली सोबत सरकते. यामागचे गणित प्रत्येक स्टुडिओ शून्यापासून लिहायला बसला, तर एकेक गेम बाजारात यायला आणखी काही वर्षे लागतील. गुरुत्वाकर्षण, प्रकाश, आवाज, वस्तूंची टक्कर, अ‍ॅनिमेशन या गोष्टी तयार स्वरूपात देणारे सॉफ्टवेअर म्हणजे गेम इंजिन. घर बांधणाऱ्याला पाया, खांब आणि नळजोडणी आयती मिळावी आणि त्याने खोल्यांचा विचार करावा, तसा हा प्रकार.

युनिटीची सुरुवात २००४ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये झाली. आज तिचे मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोत आहे. ‘पोकेमॉन गो’, ‘अमंग अस’, ‘गेन्शिन इम्पॅक्ट’, ‘हॉलो नाइट’, ‘कपहेड’ हे गाजलेले गेम याच इंजिनवर तयार झाले. आपल्याकडच्या ‘लुडो किंग’चेही तेच.

या इंजिनाचे दोन भाग असतात. एक ‘एडिटर’, जो गेम तयार करणाऱ्याच्या कम्प्युटरवर असतो. दुसरा ‘रनटाइम’. हा तयार गेमच्या पोटात बसून थेट खेळणाऱ्याच्या फोनमध्ये जातो, कारण त्याच्याशिवाय गेम चालूच शकत नाही. तोवर युनिटी पैसे घेत होती ते एडिटरचे. छोट्या डेव्हलपरला तो मोफत होता, मोठ्या स्टुडिओंना प्रत्येक कर्मचाऱ्यामागे वार्षिक वर्गणी. गेम किती विकला गेला, किती फोनमध्ये गेला, याच्याशी युनिटीचा संबंध नव्हता. ‘आम्ही रॉयल्टी घेत नाही’ हेच तिचे मोठे आकर्षण होते.

‘रनटाइम फी’ नेमकी काय होती?

१ जानेवारी २०२४ पासून गेमच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे शुल्क, असा तो प्रस्ताव होता. ‘पर्सनल’ आणि ‘प्लस’ या खालच्या प्लॅनमध्ये गेमने १२ महिन्यांत २ लाख डॉलर कमावले असतील आणि एकूण इन्स्टॉल २ लाखांवर गेले असतील, तर पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलला २० सेंट. त्या वेळच्या दराने साधारण साडेसोळा रुपये. ‘प्रो’ आणि ‘एंटरप्राइज’ या महागड्या प्लॅनसाठी मर्यादा १० लाख डॉलर आणि १० लाख इन्स्टॉल अशी होती. तिथला दर १५ आणि साडेबारा सेंटपासून सुरू होऊन संख्या वाढेल तसा उतरत जाणारा.

देशांचेही दोन गट पाडले होते. अमेरिका, ब्रिटन, जपान, जर्मनी अशा श्रीमंत देशांना पूर्ण दर. भारतासह उरलेल्या देशांतील इन्स्टॉलला जास्तीत जास्त २ सेंट.

वीस सेंटवरून एवढा गदारोळ का?

समजा, एका स्टुडिओने कम्प्युटरवर खेळायचा गेम २० डॉलरला विकला. त्यात २० सेंट म्हणजे किमतीचा एक टक्का. नकोसे वाटेल, पण झेपेल. आता मोबाइलवरचा मोफत गेम घ्या. त्याची कमाई जाहिरातींतून आणि हजारांतल्या मोजक्या खेळाडूंनी केलेल्या खरेदीतून होते. समजा, एका खेळाडूमागे सरासरी १५ सेंट हाती पडतात. इन्स्टॉलचे शुल्क २० सेंट असेल तर दर खेळाडूमागे ५ सेंट खिशातून जातील. म्हणजे गेम जितका लोकप्रिय, तितका तोटा मोठा. धंद्याचे एवढे उफराटे गणित क्वचितच पाहायला मिळते.

यावर कंपनीकडे तोडगा होता. महाग प्लॅन घ्या, मर्यादा वाढेल आणि दर उतरेल. शिवाय युनिटीच्या जाहिरात सेवा वापरल्यात तर शुल्कात सवलत मिळू शकेल. पण त्यामुळेच ही फी कमाईसाठी आहे की जाहिरातींच्या धंद्यात गिऱ्हाईक ओढण्यासाठी, अशी शंका मोबाइल स्टुडिओंना आली. संतापलेल्या अनेक स्टुडिओंनी मिळून आपल्या गेममधील युनिटीच्या जाहिराती बंद करून टाकल्या. हा घाव वर्मी होता, कारण कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातींतूनच येतो.

इन्स्टॉल मोजणार तरी कसे?

तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात कच्चा दुवा हाच होता. एकाच माणसाने गेम डिलीट करून पुन्हा टाकला तर? सुरुवातीला कंपनीचे उत्तर होते, दोन्ही वेळा पैसे लागतील. काही तासांतच ते बदलून ‘फक्त पहिल्या इन्स्टॉलचे’ असे झाले. पण तोच खेळाडू फोननंतर टॅबवरही गेम टाकतो, त्याचे काय? पायरेटेड प्रतींचे काय? एखाद्याने सूड म्हणून स्क्रिप्ट लिहून हजारो वेळा इन्स्टॉल करवले तर? आकडा आम्ही आमच्या ‘डेटा मॉडेल’वरून काढू, असे कंपनी सांगत होती. मात्र ते मॉडेल डेव्हलपरना तपासता येणार नव्हते. विजेचे मीटर कंपनीच्या कार्यालयात आणि बिल आपल्या दारात, असा हा मामला.

‘गेम पास’सारख्या वर्गणीच्या सेवांतून गेम गेला तर पैसे डेव्हलपर नव्हे, तर मायक्रोसॉफ्टसारखा वितरक देईल, असेही युनिटीने सांगून टाकले. इंजिनाच्या करारात वितरक कधीच पक्ष नव्हता, त्यामुळे गोंधळात भरच पडली.

मग खरा राग कशाचा होता?

पैशांचा होताच, पण त्याहून जास्त होता तो जुन्या गेमचा. २०१८ मध्ये तेव्हाच्या अटी वाचून, हिशेब करून बाजारात आणलेला गेमही १ जानेवारी २०२४ पासून नव्या इन्स्टॉलसाठी शुल्काच्या कक्षेत येणार होता. मर्यादा मोजताना आधीचे सगळे इन्स्टॉलही धरले जाणार होते. विकून झालेल्या मालाचा करार मागाहून बदलण्यासारखेच हे.

त्यात एक जुनी गोष्ट उकरली गेली. जानेवारी २०१९ मध्ये ‘इम्प्रॉबेबल’ या ब्रिटिश कंपनीशी झालेल्या वादानंतर युनिटीने डेव्हलपरना आश्वासन दिले होते की, अटी बदलल्या तरी तुम्ही वापरत असलेल्या आवृत्तीसाठी जुन्याच अटी चालू ठेवता येतील. अटींतील प्रत्येक बदल सर्वांना दिसावा म्हणून ‘गिटहब’वर एक जाहीर नोंदवहीही ठेवली. २०२३ मध्ये लोक शोधायला गेले, तर ती नोंदवही तिथून काढून टाकलेली होती. ती फारसे कोणी पाहत नव्हते, असा खुलासा कंपनीने केला. तो कोणाच्या पचनी पडला नाही.

मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन रिचिटिएलो यांची प्रतिमाही मदतीला आली नाही. कमाईचा विचार सुरुवातीपासून न करणाऱ्या डेव्हलपरबद्दल २०२२ मध्ये त्यांनी शिवराळ शब्द वापरले होते आणि नंतर माफी मागितली होती.

युनिटीने एवढी जोखीम का घेतली?

कारण कंपनी तोट्यात होती. सप्टेंबर २०२० मध्ये न्यू यॉर्क शेअर बाजारात दाखल झालेल्या युनिटीला २०२२ मध्ये ९० कोटी डॉलरहून अधिक निव्वळ तोटा झाला. त्याच वर्षी तिने ‘आयर्नसोर्स’ ही जाहिरात क्षेत्रातील इस्रायली कंपनी सुमारे ४४० कोटी डॉलरच्या व्यवहारात आपल्यात विलीन करून घेतली. इंजिनावर तयार झालेले गेम अब्जावधी डॉलर कमावतात आणि इंजिनाच्या वाट्याला मोजक्या वर्गण्या येतात, ही कंपनीची तक्रार खोटी नव्हती. ‘अनरिअल’ इंजिनाची मालक ‘एपिक गेम्स’ तर १० लाख डॉलरच्या पुढील कमाईवर ५ टक्के रॉयल्टी घेतेच. पण रॉयल्टीत एक गोष्ट पक्की असते. आधी पैसे आले, मग त्यातला वाटा गेला. इन्स्टॉल झाला म्हणजे पैसे आलेच, असे नसते.

स्टुडिओंनी काय केले?

‘स्ले द स्पायर’ बनवणाऱ्या ‘मेगा क्रिट’ने तोवर कधीही जाहीर निवेदन काढले नव्हते. त्यांनी पहिले निवेदन काढले तेच मुळी या विषयावर. निर्णय पूर्णपणे मागे घेतला नाही तर दोन वर्षांहून अधिक काळ काम केलेला नवा गेम दुसऱ्या इंजिनावर नेऊ, असे त्यात होते. शब्दाला जागून ‘स्ले द स्पायर २’ त्यांनी ‘गोडो’ या इंजिनावर केला. ‘अमंग अस’च्या ‘इनरस्लॉथ’ने इंजिन बदलावे लागले तर नवे अपडेट लांबतील, असे सांगितले. ‘कल्ट ऑफ द लॅम्ब’च्या निर्मात्यांनी तर १ जानेवारीला आम्ही गेमच हटवतो, आत्ताच घेऊन ठेवा, असा उपरोधिक टोला हाणला. ‘टेरारिया’चा स्टुडिओ ‘री-लॉजिक’ मुळात युनिटीवर फारसा अवलंबून नव्हता. तरी त्याने गोडो आणि ‘एफएनए’ या दोन मुक्त प्रकल्पांना प्रत्येकी १ लाख डॉलर देणगी दिली आणि दरमहा मदतही सुरू केली.

माघार कशी घेतली गेली?

आधी माफी, मग २२ सप्टेंबरला सुधारित योजना. ‘पर्सनल’ प्लॅनला शुल्क नाही. जुन्या आवृत्तीवरील गेमना शुल्क नाही. ते २०२४ मधील नव्या आवृत्तीपासूनच. मोठ्या गेमसाठी उत्पन्नाच्या अडीच टक्के किंवा नव्या खेळाडूंच्या संख्येवरून निघणारी रक्कम, यातील जी कमी असेल ती. आणि आकडा डेव्हलपरने स्वतः कळवायचा. पहिल्याच दिवशी हा प्रस्ताव आला असता, तर थोडी कुरबुर होऊन प्रकरण बहुधा मिटले असते. अडीच टक्के हे अनरिअलच्या निम्मेच तर आहेत.

९ ऑक्टोबरला रिचिटिएलो यांनी पद सोडले. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने सुमारे १८०० जणांची, म्हणजे एक चतुर्थांश कर्मचाऱ्यांची, कपात जाहीर केली. मे महिन्यात आलेले नवे प्रमुख मॅथ्यू ब्रॉमबर्ग यांनी सप्टेंबरमध्ये ही फी रद्द केली. त्याच घोषणेत ‘प्रो’ची वर्गणी ८ टक्क्यांनी वाढून वर्षाला २२०० डॉलर झाली, तर ‘एंटरप्राइज’ची २५ टक्क्यांनी. दरवाढ होऊनही या वेळी रान उठले नाही. किती माणसे, किती पैसे, हे आधी कळत होते.

मग सगळेच दुसऱ्या इंजिनावर का गेले नाहीत?

कारण इंजिन बदलणे म्हणजे फाइल ‘सेव्ह अ‍ॅज’ करणे नव्हे. युनिटीतले कोडिंग ‘सी शार्प’मध्ये होते, अनरिअलमध्ये ‘सी प्लस प्लस’ लागते. गोडोची स्वतःची ‘जीडीस्क्रिप्ट’ आहे, जोडीला सी शार्पही चालते. चित्रे आणि आवाज सोबत नेता येतात, पण उडी मारताना पात्र किती तरंगते यासारखे बारकावे नव्याने जुळवावे लागतात. युनिटीच्या दुकानातून विकत घेतलेली तयार साधने बहुतेक वेळा मागेच राहतात.

तरी नव्या पिढीचा कल सरकलेला दिसतो. ‘गेम मेकर्स टूलकिट’च्या ‘गेम जॅम’ या स्पर्धेत हजारो हौशी डेव्हलपर काही दिवसांत गेम तयार करतात. तिथे २०२३ च्या जुलैमध्ये सुमारे १९ टक्के गेम गोडोवर होते, पुढच्या वर्षी ३७ टक्के. युनिटीचा वाटा ५९ वरून ४३ टक्क्यांवर आला. अर्जेंटिनातील दोन प्रोग्रामरनी सुरू केलेले गोडो २०१४ पासून मुक्त परवान्याखाली आहे. त्याला रॉयल्टी नाही, आणि मागाहून अटी बदलणारा मालकही नाही.

खेळणाऱ्यांवर काय परिणाम?

फी लागू झालीच नाही, त्यामुळे गेमच्या किमतीवर थेट परिणाम दिसला नाही. पण ती टिकली असती तर? मोफत डेमो, सवलतीचे बंडल, वर्गणीच्या सेवा हे सगळे स्टुडिओंना महाग पडले असते. मोफत गेममध्ये जाहिराती वाढल्या असत्या. कमाई आटलेले जुने गेम स्टोअरवरून हटवण्याचा मोह झाला असता.

भारतात तर खेळणारे अफाट आणि पैसे देणारे थोडे. नवी मुंबईच्या ‘गेमशन’चा ‘लुडो किंग’ कोट्यवधी फोनमध्ये पोहोचला, तो मोफत होता म्हणून. अशा बाजारात २ सेंट म्हणजे पावणेदोन रुपयेही क्षुल्लक नसतात. हजार जाहिराती दाखवून मिळणारा पैसा इथे श्रीमंत देशांच्या तुलनेत फारच कमी असतो. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी’ मात्र अनरिअलवर केलेला, विकत घ्यायचा गेम आहे. त्याचे अर्थकारणच वेगळे.

आता नियम काय आहे?

वार्षिक उत्पन्न २ लाख डॉलरच्या आत असेल तर युनिटी मोफत वापरता येते. ‘युनिटी ६’पासून गेमच्या सुरुवातीला कंपनीचा लोगो दाखवण्याची सक्तीही गेली. किमतींचा विचार यापुढे वर्षातून एकदाच होईल, असे ब्रॉमबर्ग यांनी सांगितले आहे. अटी बदलल्याच, तर वापरात असलेल्या आवृत्तीसाठी जुन्या अटी चालू ठेवता येतील, असेही त्यांचे म्हणणे आहे. २०१९ मधले आश्वासनही जवळपास याच शब्दांत होते.