जिन्यातले बोलणे

साहेबांच्या खोलीत बैठक भरते. चहा येतो. साहेब आपला बेत सांगतात आणि विचारतात, "मग, कोणाची काही हरकत?" सगळ्यांच्या माना डोलतात. पण बाहेर पडून जिन्यात पाऊल टाकताच एकजण हळूच म्हणतो, "हे काही जमायचे नाही बुवा!" दुसरा लगेच म्हणतो, "मलाही तसेच वाटत होते!" नोकरी करणाऱ्या कोणाला हा अनुभव आलेला नाही?

अशाच मौनाने एका बलाढ्य राष्ट्राची फजिती केली. १९६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने तयार केलेले सुमारे १,४०० क्यूबन निर्वासित क्यूबातील बे ऑफ पिग्जच्या किनाऱ्यावर उतरले. तीन दिवसांत त्यांचा पाडाव झाला. हजारावर माणसे कैदेत पडली. अध्यक्ष केनेडींच्या भोवती बुद्धिमंतांची वाण नव्हती. त्यांच्यापैकी इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांना तर हा बेत मुळीच पसंत नव्हता. तसे त्यांनी अध्यक्षांना लिहून कळवलेही होते. भरबैठकीत मात्र ते गप्प बसले, आणि त्याची खंत पुढे त्यांनी स्वतःच नमूद केली.

केनेडी या ठेचेने शहाणे झाले. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये क्यूबात रशियन क्षेपणास्त्रे आढळली, तेव्हा तर अणुयुद्धच दाराशी येऊन ठेपले होते. सल्लागारांत जुनी मंडळी बरीच होती. बदलली ती बैठकीची रीत. पहिल्या दिवशी बहुतेकांचा ओढा हवाई हल्ल्याकडे होता. पण आपल्यासमोर लोक मोकळे बोलत नाहीत हे ओळखून केनेडी काही बैठकींना मुद्दाम गैरहजर राहिले. सल्लागारांचे गट पडले. एकाने हल्ल्याची योजना लिहिली, दुसऱ्याने नाकेबंदीची. मग कागदांची अदलाबदल करून त्यांनी एकमेकांच्या उणिवा काढल्या. अखेर नाकेबंदी ठरली. तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रे हलवण्याचे आश्वासनही अमेरिकेने गुपचूप दिले, आणि २८ ऑक्टोबरला क्रुश्चेव्ह यांनी माघार जाहीर केली. मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जॅनिस यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात या दोन्ही निर्णयांची चिकित्सा केली आहे.

आपल्या कचेरीत अणुबाँब नसतो, हे खरे. पण चुकीच्या निर्णयाने कोणाची बढती जाते, कोणाची नोकरी जाते. तेव्हा साहेबांनी आपले मत शेवटी सांगावे. सर्वांत नव्या कारकुनाला आधी बोलू द्यावे. बेतातले दोष काढण्याचे काम एकावर रीतसर सोपवावे. म्हणजे विरोध करणारा कोणाच्या डोळ्यांत सलणार नाही. आणि हाताखालच्यांनीही धीर करून म्हणावे, "साहेब, मला थोडे वेगळे वाटते."

ही रीत घरीही चालवून पाहा. यंदाच्या दिवाळीत मोठ्या खरेदीचा बेत ठरेल, तेव्हा आधी धाकट्यांना विचारा. जिन्यात कुजबुजत बसण्यापेक्षा चार भिंतींच्या आत झालेला वाद केव्हाही बरा!