डिस्लेक्सिया आणि अहवालाची कसोटी

कोलकात्याच्या खिदिरपूर गोदीसारख्या ठिकाणी मालाची पाहणी करणाऱ्या स्वतंत्र सर्वेक्षकाला मोबदला मिळतो तो लेखी अहवालाचा. त्यामुळे डिस्लेक्सिया असल्यास नजर पारखी असूनही अडचण येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. मात्र त्यातील सरकारी नोकऱ्यांचे आरक्षण अशा मुक्त व्यावसायिकाच्या उपयोगी पडत नाही.

उपाय साधे आहेत. निरीक्षणे जागेवरच ध्वनिमुद्रित करावीत, अहवालाचा आराखडा ठरलेला ठेवावा आणि तयार मजकूर संगणकाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. कंटेनर क्रमांकाच्या ११ चिन्हांतील अखेरचा अंक पडताळणीचा असतो. आधीच्या अंकांची अदलाबदल झाल्यास तो बहुधा जुळत नाही. अंतिम वाचन दुसऱ्याकडून करून घेण्यातही कमीपणा नाही.