सफरचंदातलं पाणी

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या पेठेतल्या बेकरीसमोर पत्र्याचे ट्रे घेऊन बायकामुलांची रांग लागायची. तूप, पिठीसाखर आणि मैदा घरी फेसून, मळून, वळून नेलेला असायचा. बेकरीवाला तो भट्टीत भाजून द्यायचा. आईबरोबर मी त्या रांगेत उभी राहिले आहे, नानकटाईचा गरम ट्रे टॉवेलात धरून घरी आणला आहे. म्हणून आज कुणाला सफरचंदाचं क्रम्बल करून बघा म्हटलं आणि ‘बेकिंग आपल्याकडचं नाही, आपल्याला नाही जमायचं’ असं उत्तर आलं की मला वाईट वाटतं. आपल्या आयांना ते जमत होतं. भट्टी तेवढी दुसऱ्याची होती.

क्रम्बल हा भाजून करायच्या गोड पदार्थांतला सगळ्यात सोपा प्रकार. भांड्यात सफरचंदाच्या फोडी, त्यावर पीठ-साखर-लोण्याचा भरड चुरा, आणि ओव्हनमध्ये चाळीसएक मिनिटं. लाटणं नाही, अंडं नाही, फुगेल की बसेल ही धाकधूक नाही. बाराएक वर्षं मी ते घरच्यांसाठी करते आहे. शेजारणींना, भाच्यांना शिकवलं आहे. कुणाचं फसलं की मी आधी विचारते, ‘कोणाकडून काय ऐकून केलंस?’ फसण्यामागे जवळजवळ दर वेळी एखादी ऐकीव गोष्ट निघते, आणि त्यातल्या बऱ्याचशा एकाच ठिकाणी अडतात: सफरचंदात पाणी किती असतं, याचा अंदाज नसतो.

हिशोब करून बघा. एक किलो सफरचंदं सोलून, गाभा काढून साधारण ८०० ग्रॅम उरतात. सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असतं. म्हणजे कोरड्या दिसणाऱ्या त्या फोडींबरोबर आपण भांड्यात ६८० मिलिलिटरच्या आसपास पाणी ठेवत असतो. ते पेशींमध्ये कोंडलेलं असतं म्हणून दिसत नाही. साखर लागली की त्यातलं काही बाहेर ओढलं जातं, आणि उष्णतेने पेशींच्या भिंती सैल झाल्या की आणखी बरंच सुटतं. ‘वरचा थर खुसखुशीत होण्याऐवजी लगदा झाला, ओव्हनच खराब आहे’ असं म्हणणाऱ्या घरांत ओव्हन बहुतेक वेळा ठीकच असतो. खालून येणाऱ्या वाफेने चुरा भिजलेला असतो.

यावर ‘कॉर्नफ्लोअर वाढवा’ हा सल्ला सर्रास मिळतो. चार चमचे घातलं की रस आटत नाही, त्याची खळ होते. एका किलोला एक चहाचा चमचा पुरतो. खरं काम आधी कढईत करायचं. जाड बुडाच्या पसरट कढईत फोडी, तीन मोठे चमचे साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून अगदी मंद आचेवर दहा मिनिटं ठेवायचं. उकळी येऊ द्यायची नाही. फोडी जरा वाकू लागल्या की चाळणीवर काढायच्या आणि खाली गळलेला रस एकटा आटवून, पाकासारखा झाला की परत फोडींवर ओतायचा. मंद आचेचा आणखी एक फायदा आहे, आणि तो मला फार आवडतो. सफरचंदातलं एक विकर ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जोमाने काम करतं आणि पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला असा बदलतं, की ते फळातल्याच कॅल्शियमशी बांधलं जाऊन घट्ट होतं. त्यामुळे आधी हळूहळू गरम झालेली फोड नंतर ओव्हनच्या मोठ्या उष्णतेतही सहसा विरघळत नाही. आधी शिजवलं तर जास्त मऊ होईल, हा अंदाज इथे चुकतो.

‘आंबट हिरवं सफरचंदच हवं, आपली सफरचंदं चालत नाहीत’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकते. त्यापायी लोक ग्रॅनी स्मिथसाठी दुप्पट पैसे मोजतात किंवा बेतच सोडून देतात. ग्रॅनी स्मिथ चांगलंच. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मारिया अ‍ॅन स्मिथ या बाईंच्या बागेत १८६८च्या सुमारास ते आपसूक उगवलं. ते आंबट आहे आणि भाजल्यावर आकार टिकवतं. पण आंबट म्हणजे आकार टिकणारं, असा नियम मात्र नाही. इंग्लंडमध्ये क्रम्बलसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरतात ते ब्रॅम्ली सफरचंद. साउथवेल या गावी १८०९मध्ये एका मुलीने लावलेल्या बीपासून ते आलं. ते ग्रॅनी स्मिथपेक्षाही आंबट, आणि भाजलं की त्याचा फेसासारखा गर होतो. तिथल्या घरांना तो गरच हवा असतो. फोड राहिली पाहिजे की गर झाला पाहिजे, हे खाणाऱ्याने ठरवायचं.

आपल्या बाजारातली सफरचंदं गोड का, यालाही इतिहास आहे. कुलूच्या खोऱ्यात १८७०च्या सुमारास ब्रिटिशांनी बागा लावल्या त्या त्यांच्या आवडीच्या आंबटसर जातींच्या. त्या इथल्या जिभेला रुचल्या नाहीत. पुढे अमेरिकेतून आलेले सॅम्युअल स्टोक्स, जे नंतर सत्यानंद स्टोक्स झाले, त्यांनी १९१६मध्ये शिमल्याजवळच्या कोटगढ भागात रेड डेलिशियसची कलमं आणून लावली. गोड, लाल, देखणं फळ. हिमाचलची सफरचंदाची शेती त्यावर उभी राहिली. तेव्हा आपल्या टोपलीतल्या फळात आंबटपणा कमी आहे हे खरं, पण तो परत घालता येतो: किलोला अर्धं लिंबू, फार गोड असेल तर एक. जुलैपासून हिमाचलचा माल येतो, सप्टेंबर ते नोव्हेंबर काश्मीरचा. त्यात पिवळं गोल्डन मिळालं तर मी डोळे झाकून तेच घेते. भाजल्यावर त्याची फोड छान राहते. रेड डेलिशियस लवकर विरघळतं, म्हणून निम्मं ते आणि निम्मं गोल्डन असं करते. एकाचा गर होतो, दुसऱ्याची फोड राहते.

आणि फ्रिजमध्ये राहून पिठूळ झालेलं सफरचंद? ते टाकू नका. पिठूळ होतं तेव्हा फळ सुकलेलं असतंच असं नाही. पेशींना एकमेकींशी जोडणारं पेक्टिन कमजोर झालेलं असतं, त्यामुळे चावताना पेशी फुटून रस येण्याऐवजी त्या नुसत्या सुट्या होतात आणि तोंडाला भुसा लागतो. शिजवल्यावर हा दोष उरत नाही. त्याचा गर करून तळाला पसरा.

फोडी चिरून ठेवल्या की काळवंडतात, आणि आमच्याकडे सासूबाई नेहमी म्हणायच्या, ‘अगं, त्यात लोह आहे म्हणून काळं पडतं, अंगाला चांगलं असतं.’ ही समजूत महाराष्ट्रभर आहे, आणि तिच्यामागे मुलासुनांच्या तब्येतीची काळजी आहे, म्हणून तिच्याबद्दल बोलताना मी जपून बोलते. पण गोष्ट वेगळी आहे. सुरीने पेशी फुटल्या की त्यातली पॉलिफिनॉल नावाची द्रव्यं, एक विकर आणि हवेतला प्राणवायू एकत्र येतात आणि तपकिरी रंग तयार होतो. वांगं, केळं, बटाटा याच कारणाने काळवंडतात. १०० ग्रॅम सफरचंदात लोह असतं जेमतेम ०.१ मिलिग्रॅम; राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर अळीव, हिरव्या पालेभाज्या, कडधान्यं आणि डॉक्टरांचा सल्ला हाच रस्ता. सफरचंदावर विसंबून वेळ घालवू नका. काळवंडलेल्या फोडी खायला मात्र काही हरकत नाही. लिंबू चोळलं तर त्या विकराचं काम मंदावतं, आणि लिंबू आपण घालणारच आहोत.

भाजल्याने सगळं सत्त्व जातं, हीही एक भीती. सफरचंदातलं ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने घटतं, पण ते मुळातच १०० ग्रॅमला चार-पाच मिलिग्रॅम असतं. तंतू आणि पेक्टिन बहुतांशी राहतात.

आता वरचा चुरा. इथे मराठी हात जन्मतः तयार असतो, फक्त त्याला ते ठाऊक नसतं. चकली, करंजी, शंकरपाळी करताना आपण पिठाला मोहन चोळतो आणि मूठ दाबून मुटका वळतो का ते पाहतो. क्रम्बल म्हणजे नेमकं तेच. स्निग्ध पदार्थ पिठाच्या कणांना वेढतो, त्यामुळे पाणी मिळून चिवटपणा यायला वाव राहत नाही आणि भाजल्यावर तो भाग तोंडात विरतो. फरक एवढाच, की शंकरपाळ्याला आपण मोहन कडकडीत घालतो आणि इथे लोणी फ्रिजमधून काढलेलं, घट्ट हवं. गरम तूप सगळ्या पिठात एकसारखं मुरतं. थंड लोण्याचे मात्र बारीक खडे राहतात, ते ओव्हनमध्ये वितळतात आणि तिथे खडबडीत, कुरकुरीत गाठी होतात. प्रमाण सोपं आहे: दोन भाग पीठ, एक भाग लोणी, एक भाग साखर. एका किलो सफरचंदांना १५० ग्रॅम पीठ, ७५ ग्रॅम लोणी, ७५ ग्रॅम साखर. बोटांच्या टोकांनीच चोळायचं, तळहात लावायचा नाही. तळहात गरम असतो.

पीठ मैद्याचंच हवं, हे चूक. ब्रेडला, केकला पिठाचा सांगाडा लागतो. चुऱ्याला तो नकोच असतो. घरची कणीक उत्तम चालते, दोन चमचे बारीक रवा घातला तर जास्त कुरकुरीत होते. लोण्याऐवजी तूपही चालतं, पण वजनाला वजन नाही. विकतच्या लोण्यात १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, तुपात जवळजवळ नाही. म्हणून ७५ ग्रॅम लोण्याच्या जागी ६० ते ६५ ग्रॅम थिजलेलं तूप घ्यावं. नाहीतर तूप खाली झिरपतं आणि फोडी तेलकट होतात. विकतचं लोणी खारं असेल तर वेगळं मीठ घालू नका.

गुळाबद्दल मला थोडं ठासून बोलायचं आहे, कारण इथे प्रश्न चवीपुरता राहत नाही. ‘गूळ घातलाय, आजोबांना मधुमेह असला तरी द्या’ असं मी प्रेमाने म्हटलेलं ऐकलं आहे. गुळात बहुतांश साखरच असते, तीच सुक्रोज. उष्मांकही साखरेच्या जवळपास तेवढेच. रक्तातली साखर गुळानेही वाढते. कोल्हापुरी गुळाचा खमंग स्वाद सफरचंदाला फार शोभतो, मी स्वतः निम्मा गूळ घालते, पण घालते ती चवीसाठी. मधुमेह असणाऱ्या माणसाला वेगळ्या छोट्या वाटीत, साखर-गूळ न घालता, दालचिनी लावलेलं सफरचंद भाजून द्यावं. त्याची स्वतःची गोडी असतेच, ती १०० ग्रॅमला साधारण १० ग्रॅम साखरेची. तेवढी हिशोबात धरावी.

‘क्रम्बल अमेरिकन आहे’ असंही म्हणतात. सफरचंदाच्या पायशी अमेरिकेचं नाव जोडलं गेल्यामुळे तसं होत असावं. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातल्या १३९०च्या सुमाराच्या पाककृतींमध्येच सफरचंदाचा पाय सापडतो: सफरचंद, अंजीर, मनुका, नाशपाती आणि रंगाला केशर. केशराची कल्पना मी तिथूनच उचलली, आणि काश्मीरच्या सफरचंदावर काश्मीरचं केशर घालताना बरं वाटतं. क्रम्बल मात्र ब्रिटनमध्ये घराघरांत पसरलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत. जानेवारी १९४०मध्ये तिथे लोणी आणि साखर रेशनवर गेली. कित्येक महिने माणशी आठवड्याला ५७ ग्रॅमच लोणी मिळे. पायला खालून-वरून पोळी लागते, तेवढं पीठ आणि लोणी कुठून आणणार? मग गृहिणींनी जवळ होतं ते चोळून फळांवर पसरलं. टंचाईत पोरांच्या ताटात काहीतरी गोड पडावं म्हणून केलेला हा पदार्थ आहे. महाग साहित्य नाही म्हणून तो अडतो, ही कल्पनाच त्याच्या जन्मकथेला धरून नाही.

ओव्हनबद्दल थोडक्यात. साध्या मायक्रोवेव्हमध्ये हे होत नाही. तो मुख्यतः पदार्थातलं पाणी तापवतो, पृष्ठभाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि खमंग तांबूस रंग यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. कन्व्हेक्शनची सोय असलेला मायक्रोवेव्ह किंवा छोटा ओटीजी चालतो. १८० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं आधी तापवा. बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत फरक असू शकतो, म्हणून घड्याळापेक्षा भांड्याच्या कडा बघा. कडेने रस दाट होऊन बुडबुडे फुटू लागले आणि वरचा चुरा तांबूस झाला की झालं. फक्त रंग आला आणि कडा शांत असतील तर आणखी पाच-सात मिनिटं द्या. कॉर्नफ्लोअर उकळीजवळ पोचल्याशिवाय रस धरत नाही.

बाहेर काढल्यावर लगेच वाढू नका, मुलं कितीही घाई करोत. गरम असताना रस पातळ वाटतो, पंधरा-वीस मिनिटांत तो जरा बसतो आणि फोडींना धरतो. उरलं तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, चुरा सादळतो; तव्यावर झाकण न ठेवता किंवा ओव्हनमध्ये दहा मिनिटं गरम करा. आमच्या सासूबाई ते गरम करूच देत नसत. सकाळी दुधावरची जाड साय वाटीत काढून, त्यात कालचं थंड क्रम्बल कुस्करून, खिडकीशी बसून खात.