कोनाड्यातल्या वाघिणी

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. 'वॅगन' आपल्या लोकांच्या तोंडी घोळून घोळून वाघीण झाली, आणि मला हा शब्द मूळ शब्दापेक्षा जास्त खरा वाटतो. माझे बाबा हिंगणघाटच्या एका जिनिंगात कापसाच्या गाठी मोजायचे. सुट्टीत मला सोबत न्यायचे, रेल्वे फाटकापाशी थांबायचे आणि म्हणायचे, "पाय रे, वाघिनी चालल्या!"

आमच्या समुद्रपूरला रेल्वे नाही. जाम चौकातून रात्रंदिवस ट्रक धावतात, पण रूळ पाहायचे तर हिंगणघाट नाहीतर सिंदी गाठावी लागते. म्हणून गाडी मी घरातच आणली. पुढच्या खोलीतल्या कोनाड्यात आणि त्याला लागून ठोकलेल्या सागवानी फळीवर आज माझ्या ३१ वाघिणी उभ्या आहेत.

त्या 'एन' मापाच्या आहेत, म्हणजे खऱ्यापेक्षा १६० पट लहान. रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. इंग्रजी आणि जर्मन दोन्ही भाषांत 'नऊ'चं पहिलं अक्षर एन, त्यावरून हे नाव. जर्मनीतल्या आर्नोल्ड कंपनीनं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे माप रूढ केलं. याहून मोठं 'एचओ' माप ८७ पट लहान असतं. ते पाहायचं तर पुण्याला कोथरूडमध्ये बी. एस. जोशी यांनी उभारलेल्या लघुरेल्वे संग्रहालयात जावं. मी गेलो तेव्हा सगळी पोरं इंजिनाकडे धावली. मी मालगाडीपाशी उभा राहिलो.

इंजिन गाडी ओढतं हे खरं, पण आपल्या मुलखात काय पिकतं, जमिनीतून काय निघतं, ते वाघीण सांगते. वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याकडे रूळ टाकले गेले ते १८७०च्या दशकात, कोळशासाठी आणि कापसासाठी. पुढे १९२९ मध्ये बल्लारशा-काजीपेठ जोडलं गेलं आणि ही आडवाटेची लाइन दिल्ली-मद्रासच्या हमरस्त्यात आली.

वाघिणीचा आकार पाहिला की तिच्यातून माल कसा उतरवतात ते कळतं. माझ्याकडच्या अमेरिकन कोळशाच्या वाघिणींचा तळ उतरता आहे. खालची झडप उघडली की कोळसा आपोआप खाली येतो. आपली उघडी 'बॉक्स-एन' मात्र तळाला सपाट. वीज केंद्रावर यंत्र तिला रुळांच्या तुकड्यासकट धरतं आणि सूप पालथं करावं तशी रिकामी करतं. तिच्या नावातही सगळं आलेलं आहे : बी म्हणजे बोगीची, ओ म्हणजे उघडी, एक्स म्हणजे उंच भिंतींची, एन म्हणजे हवेच्या ब्रेकची.

अंगावरचा अकरा आकडी क्रमांकही वाचायला शिकावा. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे (मध्य रेल्वेचा ०१), मग दोन बांधणीच्या वर्षाचे, चार तिचे स्वतःचे, आणि शेवटचा आधीच्या दहांवरून काढलेला पडताळ्याचा. मी फाटकावर उभा राहून क्रमांक वहीत उतरवतो आणि घरी तीन केसांच्या ब्रशानं तोच क्रमांक रंगवतो. मनानं रचलेला एकही नाही.

भारतीय वाघिणी या मापात मला तयार मिळाल्या नाहीत. त्या मी प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून कापून करतो. खरी बॉक्स-एन पावणेअकरा मीटरच्या आसपास, माझी ६७ मिलिमीटर. आपला रूळ १६७६ मिलिमीटर रुंद, म्हणजे या मापात साडेदहा यायला हवा. बाजारात मिळतो ९चाच. हा दीड मिलिमीटर मला अजून सलतो.

वजनाचंही गणित आहे. हलकी वाघीण वळणावर रूळ सोडते. अमेरिकेतल्या छंदी मंडळींच्या संघटनेनं लांबीवरून वजन ठरवून दिलंय. त्या हिशेबानं माझ्या बॉक्स-एनला २५ ग्रॅम हवेत. आमच्या गल्लीतल्या सोनाराच्या काट्यावर मी प्रत्येक वाघीण तोलतो. कमी पडलं की तळाशी शिसं, वर चहाच्या गाळणीनं चाळलेला खरा कोळसा.

नव्यानं जमवणाऱ्याला कळकळीनं सांगतो, फोममध्ये ठेवू नका. चार उन्हाळ्यांत माझ्या दोन जर्मन वाघिणींना फोम वितळून चिकटला आणि तो काढताना रंगही गेला. जुन्या सुती धोतराचा तुकडा बरा. पुठ्ठ्याची खोकी जमिनीवर नकोत, वाळवी लागते. चाकं धातूची घ्या, प्लॅस्टिकच्या चाकांवर मळ लवकर चढतो.

कोळशाच्या गाडीला ५९पर्यंत वाघिणी जोडतात. तेवढ्या झाल्या की माझी गाडी जवळपास चार मीटर होईल. भिंत अकरा फुटांची आहे. शेपूट माजघरात जाणार, आणि त्यासाठी दाराची चौकट कोरायची परवानगी घरातून मिळाली आहे.

यंदा मात्र बॉक्स-एन बाजूला ठेवून बाबांच्या काळातली चारचाकी बंद वाघीण केली. आत खऱ्या कापसाच्या गाठी आहेत, डिंकात दाबून तुरीच्या दाण्याएवढ्या केलेल्या. खरी गाठ १७० किलोची असते. दार चिकटवलंय, त्यामुळे त्या कुणाला दिसत नाहीत. दारावर पांढऱ्या रंगाच्या चार उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारी एक आडवी ओढली आहे. बाबा खडूनं गाठी मोजायचे तशी.