लांकडाचें टोंक आणि राउटरचें मेज

भूमिति शिकवितांना गुण्या मीं असंख्य वेळां हातीं घेतला असेल. परंतु त्याची खरी योग्यता मला निवृत्तीनंतर सुतारकामाच्या मेजापाशीं कळली. त्या दिवसाची खूण माझ्या डाव्या तर्जनीवर अद्याप आहे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या उतारावर साग उभा आहे. कोणतेंहि लांकूड म्हणजे मुळांकडून शेंड्याकडे पाणी नेणाऱ्या बारीक नळ्यांचा भारा होय. फळीच्या टोंकाशीं या नळ्यांचीं तोंडें उघडीं असतात. कडब्याची पेंढी आडवी कापून पाहावी. अलीकडचीं धाटें स्वच्छ तुटतात, कारण त्यांच्या पाठीशीं इतर धाटें असतात. अगदीं शेवटचें धाट मात्र निराधार, म्हणून तें चिरफाळतें. लांकडाच्या टोंकाचें तसेंच होतें.

राउटर हें विजेचें यंत्र मेजाखालीं उलटें बसवितात; त्याचें पातें भोंकांतून वर डोकावतें व मिनिटाला १०,००० पासून २०,००० हूनहि अधिक फेरे घेतें. मेजावरील आधारपट्टीला टेकवून लांकूड उजवीकडून डावीकडे, म्हणजे पात्याच्या गतीविरुद्ध सरकवावयाचें. उलट सरकविलें तर पातें तें हिसकावून घेतें, आणि त्यामागोमाग हातहि ओढला जातो.

लांब कड आधारपट्टीवरून आगगाडीसारखी सरळ जाते. पण दीड इंच रुंदीच्या पट्टीचें टोंक टेकणार किती? पात्यासाठीं सोडलेली फटच कित्येकदां त्याहून मोठी असते. तसबिरीच्या चौकटीसाठीं मीं अशीच पट्टी नुसत्या हातानें सरकविली. टोंक फटींत शिरलें, पट्टी गर्रकन् फिरली आणि पुढचें तर्जनीनें भोगलें. दोष यंत्राचा नव्हता.

यावर उपाय म्हणजे जिग. त्याचें साधें रूप एक वीतभर रुंद, जाड, काटकोनी ठोकळा. त्याची एक कड आधारपट्टीला चिकटलेली असावी, तिच्याशीं काटकोन करणाऱ्या पुढच्या कडेला काम टेकवावें, आणि दोन्ही मिळून पुढें न्यावीं. रुंद ठोकळा फटींत शिरत नाहीं, टोंक वांकडें होत नाहीं, हात पात्यापासून दूर राहतो. शिवाय शेवटच्या तंतूंना पाठबळ मिळून चिरफाळावयाचें तें ठोकळ्याचेंच लांकूड चिरफाळतें. पट्टी फारच अरुंद असेल तर प्लायवूडची सरकती बैठक करून तीवर काम क्लॅम्पनें आवळावें; बोटांवर विसंबूं नये. खोल खाच एका दमांत न घेतां दोन-तीन वेळां घ्यावी. आणि चारी कडा घडवावयाच्या असतील तर टोंकें आधीं, लांब कडा मागाहून. म्हणजे टोंकाशीं उडालेली कपची पुढच्या कापांत आपोआप निघून जाते.

ठोकळा काटकोनी आहे कीं नाहीं हें गुण्यानें पाहावें. पण गुण्याच खोटा असला तर? सरळ कडेवर तो टेकवून रेघ ओढावी, मग उलटा करून त्याच बिंदूंतून दुसरी. दोन्ही रेघा एक झाल्या तर गुण्या खरा. फांकल्या तर त्या कोनाच्या निम्मी चूक गुण्यांत आहे. ही युक्ति वर्गांत अनेकांना कंटाळवाणी वाटे.

पातें बदलतांना विजेची पिन भिंतींतून काढून ठेवावी, नुसतें बटण बंद करून भागत नाहीं. माझा सध्याचा ठोकळा बाभळीचा आहे. कोपरा खराब झाला कीं तेवढा भाग कापून टाकतों, त्यामुळें तो आतां पूर्वीपेक्षां बराच आखूड झाला आहे.